दालमिल, घरची तीन माणसं आणि कंपनी काढायचा बेत : वाशिम जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, माणसांची नावं गाळली आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत. कलमांचे क्रमांक आयकर कायदा १९६१ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि क्रमांक बदलले, पण इथले व्यवहार त्याआधीचे आहेत, त्यांना जुनाच कायदा लागतो.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून तुरीची दालमिल आहे. मालकांना सगळा तालुका ‘भाऊ’ म्हणतो, मीही तेच म्हणेन. वय ६१, बीपीची गोळी चालू. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी एका जुन्या गिरणीपासून सुरुवात केली. आता सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं मशीन) आहे, दोन गोडाऊन आहेत, सीझनला नऊ-दहा हमाल असतात. थोरला मुलगा खरेदी आणि मशीन पाहतो. धाकटा बी.कॉम. आहे, तो बिलं, जीएसटी आणि बँक सांभाळतो. थोरली सून रोज दुपारी एक किलो आणि पाच किलोच्या पॅकिंगवर उभी असते. चार बाया हाताखाली, आणि लेबल सरळ लागलं नाही तर पाकीट परत.

धंदा पूर्णपणे भाऊंच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. २०२४-२५ ची उलाढाल ६.४० कोटी, नफा ३१ लाख. पोरांना पगार नाही. लागतील तसे पैसे गल्ल्यातून घ्यायचे आणि लाल कापडी वहीत ‘घरखर्च’ म्हणून लिहायचे. त्या वहीत पोराच्या शाळेची फी, ट्रॅक्टरचं टायर आणि भाचीच्या लग्नातला आहेर एकाच पानावर सापडतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये सॉर्टेक्स आणि पॅकिंग मशीनसाठी २४ लाखांचा प्रकल्प केला होता. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून ३५ टक्के, म्हणजे ८.४० लाख अनुदान मंजूर झालं होतं. (योजनेची कमाल मर्यादा १० लाख होती.) या अनुदानामुळे पुढे आमच्या सगळ्या बेतावर पाणी फिरलं, त्याकडे नंतर येतो.

भाऊ माझ्याकडे आले फेब्रुवारी २०२५ मध्ये. १ तारखेच्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर नाही अशी घोषणा झाली होती आणि बाजारात त्यावर जो तो सल्ला देत होता.

अडचण

भाऊंच्या खिशात नागपूरच्या एका सल्लागाराने दिलेलं छापील पत्रक होतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, तीस टक्क्यांऐवजी बावीस टक्के कर भरा.

“साहेब, कंपनी केली तं अर्धा टॅक्स वाचते म्हनते नागपूरवाला. खरं हाय का?”

अर्धा नाही, पण बावीस टक्क्यांचा दर खरा आहे. कलम ११५बीएए खाली देशी कंपनीला २२ टक्के कर लागतो, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के. भागीदारी फर्म आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना सरसकट ३० टक्के, उपकरासह ३१.२. नव्या उत्पादक कंपन्यांसाठीचा १५ टक्क्यांचा दरही पत्रकात ठळक छापला होता. तो मिळण्यासाठी ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू व्हावं लागत होतं. दार बंद झालं होतं, पत्रक तसंच फिरत होतं.

मी जुनी विवरणपत्रं मागितली, आणि दुसरीच अडचण बाहेर आली. २०२३-२४ मध्ये धंद्याचं उत्पन्न २० लाख आणि शेतीचं साडेपाच लाख दाखवलं होतं. आधीच्या सल्लागाराने ‘थोडं शेतीत टाकू’ म्हणून ते टाकलं होतं. मी सातबारा मागितला. धाकट्याने मोबाइलवर काढून दाखवला. खातेदार म्हणून भाऊंच्या आईचं नाव.

“म्हातारीच्या नावानं हाय, पन वाहतो तं मीच ना,” भाऊ म्हणाले.

वाहत असतील. तरी अकरा एकर कोरडवाहू सोयाबीन-तूर. मी कागद उलटा करून त्यांच्यासमोरच हिशेब मांडला : एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन, चार-साडेचार हजारांचा भाव, त्यातून बियाणं, फवारणी, सोंगणी, मळणी वजा. साडेपाच लाख निव्वळ उरत नाहीत हे मला सांगावंच लागलं नाही, भाऊंनीच पेन घेऊन आकड्याखाली रेघ मारली.

मग मी त्यांना विचारलं, या खटाटोपातून किती वाचले असं वाटतं? ते म्हणाले, दीड-पावणेदोन लाख. तीस टक्क्यांच्या हिशेबाने तसंच वाटतं. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी कराचा दर ठरवताना ते मिळवलं जातं. आधी दोन्ही उत्पन्नांच्या बेरजेवर कर काढायचा. मग शेती अधिक मूळ सवलतीची रक्कम यांच्यावरचा कर त्यातून वजा करायचा. २०२३-२४ च्या नव्या पद्धतीच्या स्लॅबमध्ये साडेपंचवीस लाखांवर ४,६५,००० आणि साडेआठ लाखांवर ४०,०००. म्हणजे वजावट फक्त चाळीस हजारांची. उपकर धरून वाचले ४१,६०० रुपये. पकडलं गेलं तर चुकीच्या माहितीबद्दल कराच्या दुप्पट दंड.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थोरल्याकडे पाहून म्हणाले, “येवढ्यासाठी खोटं लिवलं का आपन?”

पर्याय

आम्ही चार पर्याय २०२५-२६ च्या दरांवर तपासले. नफा मागच्या वर्षाइतकाच, ३१ लाख धरला. नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत शून्य, पुढे दर चार लाखांना ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. बारा लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट, त्यामुळे कर शून्य. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर नफा धरू देणाऱ्या, ठोकताळ्याच्या कलम ४४एडी ची उलाढालीची मर्यादा दोन कोटी आणि रोख पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी, म्हणून तो विचार पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवला.

पहिला, आहे तसंच चालू द्यायचं. भाऊ एकटे मालक, कुणाला पगार नाही. कर ५,३०,४०० रुपये. याच नफ्यावर २०२४-२५ च्या दरांनी ६,४४,८०० लागत होते. म्हणजे काहीही न करता, नुसत्या नव्या स्लॅबमुळे १,१४,४०० कमी झाले होते. नागपूरच्या पत्रकातल्या ‘बचती’त ही रक्कम कंपनीच्या खात्यावर जमा धरलेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरा, प्रोप्रायटरशिपच ठेवायची, पण काम करणाऱ्या घरच्या माणसांना रीतसर पगार द्यायचा. भाऊंचा विरोध लगेच आला : “पोराईले पगार कायले? घरचंच तं हाय सारं.” इथे कायद्यात दोन कुंपणं आहेत. कलम ४०ए(२) : नातेवाइकाला दिलेली रक्कम बाजारभावापेक्षा जास्त असेल तर जास्तीची रक्कम खर्च म्हणून मिळत नाही. कलम ६४ : बायकोकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. म्हणून वहिनींचं नाव सोडून दिलं. मोठ्या मुलांना आणि सुनेला पगाराच्या बाबतीत ही मिळवणी लागत नाही. रक्कम ठरवताना मी एकच प्रश्न विचारला : उद्या थोरला नसला आणि अकोल्याच्या एमआयडीसीतला दालमिलचा मॅनेजर आणला तर काय मागेल? थोरल्यानेच दोन ठिकाणी फोन लावले. थोरल्याला महिना ४० हजार, धाकट्याला २५ हजार, सुनेला १५ हजार ठरले. वर्षाला ९.६० लाख. भाऊंचं उत्पन्न उरतं २१.४० लाख, कर २,४४,४००. तिघांनाही कर शून्य.

तिसरा, भागीदारी फर्म. भाऊ आणि दोन मुलगे भागीदार, सून वरच्याच पगारावर नोकरीला. शेड आणि जागा भाऊंच्या नावावरच ठेवायची, फर्मने वर्षाला २.४० लाख भाडं द्यायचं. जागा भांडवल म्हणून फर्ममध्ये आणली तर मुद्रांक शुल्क लागतं आणि कलम ४५(३) खाली भांडवली नफ्याचा प्रश्नही उठतो. भाऊंच्या ४० लाख भांडवलावर १२ टक्के व्याज, ४.८० लाख. उरलेल्या २२ लाख पुस्तकी नफ्यावर कलम ४०(बी) ची, म्हणजे भागीदारांना किती मेहनताना देता येतो त्याची मोजणी : पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के, पुढच्यावर ६० टक्के, एकूण १५ लाख मेहनताना. फर्मचं उत्पन्न सात लाख, कर २,१८,४००. भागीदारांच्या हातात तिघांनाही शून्य.

चौथा, प्रायव्हेट लिमिटेड. तिथे पगाराला ४०(बी) सारखी टोपी नाही. भाऊंना सहा लाख, मुलांना आणि सुनेला वरचेच पगार, भाडं आणि भाऊंच्या पैशावर व्याज धरून कंपनीकडे ८.२० लाख उरले. कर २,०६,३७८.

एलएलपीचा विचार दहा मिनिटांत आटोपला. कर फर्मइतकाच आणि वर कंपनी मंत्रालयाचे फॉर्म. मर्यादित जबाबदारीचा फायदा सांगतात खरं, पण सीसीसाठी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं फिरतं कर्ज) बँक सगळ्यांची वैयक्तिक हमी लिहून घेते आणि शेडही गहाण असते, मग मर्यादित राहिलं काय? एचयूएफचंही (हिंदू अविभक्त कुटुंब) तसंच. स्वतःचा पैसा कुटुंबाच्या फंडात टाकला तर त्याचं उत्पन्न फिरून भाऊंच्याच खात्यात येतं.

निर्णयाचा पहिला टप्पा : आकडे शेजारी ठेवल्यावर

मी चारही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले. ५,३०,४००. २,४४,४००. २,१८,४००. २,०६,३७८.

पहिल्या दोन आकड्यांत २ लाख ८६ हजारांचा फरक आहे. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत जाऊनही हाती येतात फक्त ३८ हजार. नागपूरच्या सल्लागाराने जी बचत कंपनीची म्हणून दाखवली, ती जवळजवळ सगळी पगाराची होती. तो पगार भाऊ आजही देऊ शकत होते. किंबहुना पोरं तो घेतच होती, फक्त ‘घरखर्च’ या नावाने.

आणि कंपनीचा खर्च वेगळा. उलाढाल कितीही असो, वैधानिक लेखापरीक्षण आलंच. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे जातं, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये. माझ्या आणि माझ्या ओळखीच्या कंपनी सेक्रेटरीच्या दराने वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांचा वाढीव खर्च होता. अडतीस हजार वाचवायला ऐंशी हजार.

खरं सांगायचं तर माझा विरोध फीच्या आकड्यामुळे नव्हता. तो लाल वहीमुळे होता. या घराला मिलचा पैसा आपला वाटतो, आणि प्रोप्रायटरशिपमध्ये तो असतोही. २०२४ मध्ये घराच्या स्लॅबसाठी भाऊंनी सीसीतून नऊ लाख उचलले होते. मी त्यावरचं व्याज धंद्याच्या खर्चातून काढून टाकलं, विषय संपला. हेच कंपनीत केलं असतं तर? दहा टक्के किंवा जास्त मतहक्क असलेल्या भागधारकाला दिलेलं कर्ज कलम २(२२)(ई) प्रमाणे, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, लाभांश ठरतं. शिवाय संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ ची बंदी. जे घर भाचीच्या लग्नाला गल्ल्यातून न विचारता पैसे काढतं, त्या घराला आधी वहीची सवय बदलू द्यावी, असं मला वाटलं.

त्यात आणखी एक मेख होती. प्रोप्रायटरशिप कंपनीत बदलताना कर लागू नये म्हणून कलम ४७(१४) आहे, पण अट अशी की धंद्याची सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीकडे जायला हवीत आणि मालकाकडे पाच वर्षं किमान ५० टक्के मतहक्क राहायला हवेत. सगळी म्हणजे शेडसकट, म्हणजे पुन्हा मुद्रांक शुल्क. शेड मागे ठेवून भाडं घ्यायचं तर ही सवलत हातची जाते. पत्रकात भाडंही होतं आणि सवलतही होती.

दुसरा टप्पा : फर्म की थांबायचं

फर्मच्या बाजूने एक मोठं कारण होतं आणि ते कराचं नव्हतं. भाऊ उद्या नसले तर प्रोप्रायटरशिप संपते. जीएसटी नोंदणी, बाजार समितीचा परवाना, अन्नसुरक्षेचा परवाना, महावितरणचं कनेक्शन, सीसी, सगळं त्यांच्या नावावर. फर्ममध्ये करारात एक कलम घातलं की धंदा चालू राहतो. धाकटा फर्मसाठी अडून बसला होता आणि त्याचं बरोबर होतं.

आम्ही १ एप्रिल २०२५ ही तारीखही धरली होती. नवा पॅन, नवी जीएसटी नोंदणी, जमा असलेलं जीएसटीचं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने वळवायचं, असा सगळा आराखडा झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी धाकट्याला बँकेत पाठवलं, संस्था बदलाचं पत्र घेऊन. तो तासाभरात परत आला.

अनुदान अजून भाऊंचं झालेलंच नव्हतं. या योजनेत अनुदानाची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात पडून असते. बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता दिल्यापासून तीन वर्षं खातं नियमित आणि युनिट चालू राहिलं तरच ती कर्जात वळती होते. त्यांच्या बाबतीत ही मुदत ऑगस्ट २०२६ पर्यंत होती. अर्जदार वैयक्तिक, कर्ज वैयक्तिक. मध्येच युनिट फर्मकडे गेलं तर अनुदानाचं काय, याचं लेखी उत्तर द्यायला शाखा तयार नव्हती. तोंडी म्हणाले, थांबा.

एका पारड्यात वर्षाला २६ हजारांची बचत, दुसऱ्यात ८.४० लाख. थांबायचं ठरलं. (याच निमित्ताने घसाराही तपासला. यंत्राच्या किमतीतून अनुदान वजा करून घसारा काढायचा असतो. आधी तो पूर्ण २४ लाखांवर काढला होता. तोही दुरुस्त केला.)

काय केलं

एप्रिल २०२५ पासून तिघांचे पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत बँकेतून त्यांच्या खात्यात. नेमणुकीची साधी पत्रं, कामाचं स्वरूप दोन ओळींत, हजेरी पुस्तकात तिघांची नावं. सून पहिल्या दिवशी सही करताना हसली होती. मालक म्हणून व्यवसाय कराची नोंदणी घेतली. दोन्ही मुलांचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला प्रत्येकी २,५००. महाराष्ट्रात स्त्रियांना महिना २५ हजारांपर्यंत हा कर नाही, म्हणून सुनेचा काही नाही.

लाल वही बंद केली नाही. ती बंद होणार नव्हतीच. फक्त तिच्यावर ‘भाऊ – उचल’ असं लिहिलं आणि मुलांनी त्यातून घ्यायचं नाही असं ठरलं. पहिले दोन महिने पाळलं गेलं नाही. धाकटा स्वतः हिशेब लिहीत असूनही जूनमध्ये त्याच्या नावावर सात हजार निघाले. पुढच्या पगारातून वळते केले.

रोखीच्या खरेदीकडे यानंतर पाहिलं. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेताना दहा हजारांच्या रोख मर्यादेतून नियम ६डीडी खाली सूट आहे, पण खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीला ती नाही. वहीत दोघंही ‘शेतकरी’ होते. ते वेगळे केले. दोन लाख किंवा जास्त रोख एका दिवशी एकाकडून घ्यायला कलम २६९एसटी ची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे इथे शेतकऱ्याला. हे मापाच्या काट्याशेजारी पाटी लावून सांगितल्यावर मोठ्या मालाचे पैसे बँकेतून घ्यायला लोक लवकर तयार झाले.

राहिलं २०२३-२४ चं विवरणपत्र. गप्प बसायचं की भरायचं, हा निर्णय पूर्ण भाऊंवर सोडला. अद्ययावत विवरणपत्र कर निर्धारण वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढच्या वर्षी ५० टक्के. भाऊ सप्टेंबर २०२५ मध्ये म्हणाले, भरून टाका. ४१,६०० कर, १८ महिन्यांचं व्याज ७,४८८, त्यावर चौथाई १२,२७२. मिळून ६१,३६० रुपये, वर आगाऊ कराच्या हप्त्यांचं किरकोळ व्याज. वाचवलेले एक्केचाळीस हजार दीड वर्षाने एकसष्ट हजारांना पडले.

काय झालं

२०२५-२६ हे वर्ष वाईट गेलं. २०२४-२५ च्या हंगामातल्या तुरीचा हमीभाव ७,५५० असताना बाजार त्याखाली राहिला. आयात शुल्काविना चालू होती आणि भाऊंनी सुरुवातीला भरलेला माल उतरत्या भावात विकावा लागला. पगार धरण्याआधीचा नफा ३१ वरून २६.४० लाखांवर आला. पगार वजा जाता १६.८० लाख, कर १,४१,४४०.

कुतूहल म्हणून मी याच नफ्यावर फर्मचा हिशेब पुन्हा केला. फर्मचं उत्पन्न ५.१६ लाख आणि कर १,६०,९९२ आला असता. म्हणजे चांगल्या वर्षात २६ हजारांनी स्वस्त वाटणारी फर्म वाईट वर्षात साडेएकोणीस हजारांनी महाग पडली असती. कारण फर्मला पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि माणसाला स्लॅब. फेब्रुवारीतल्या तक्त्यात मी एकच नफा धरला होता. दालमिलच्या धंद्यात, जिथे भाव दोन महिन्यांत हजार रुपयांनी हलतो, तिथे एका आकड्यावर तक्ता करणं ही माझी चूक. निदान तीन आकड्यांवर करायला हवा होता. कंपनीचा कर या वर्षी ९०,६०५ आला असता, पण वरचा सत्तर-ऐंशी हजारांचा खर्च नफा कमी झाला म्हणून कमी होत नाही.

एक फायदा कुणाच्याच तक्त्यात नव्हता. थोरल्याकडे आता पगाराची बँक नोंद आहे. घराचा वरचा मजला त्याने स्वतःच्या नावावर गृहकर्ज काढून सुरू केला आणि सीसीला हात लागला नाही.

आज करायचं असतं तर

जानेवारी २०२६, तुरीची आवक जोरात. भाऊंच्या छातीत दुखायला लागलं. वाशिमला दाखवून थेट नागपूरला हलवलं, अँजिओप्लास्टी झाली. नऊ दिवस ते दवाखान्यात होते. सीसी खात्यावर सही फक्त त्यांची, नेट बँकिंगचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल दवाखान्यात वहिनींच्या पिशवीत. मिलसमोर ट्रॅक्टर उभे होते. आम्हीच पाटी लावून शेतकऱ्यांना बँकेतून पैसे घ्यायला शिकवलं होतं, आणि बँकेतून पैसे काढणारा माणूस आयसीयूत. थोरल्याने ओळखीच्या अडत्याकडून हातउसने घेऊन चार दिवस काढले. बाकीचे ट्रॅक्टर रिसोडला गेले.

अनुदानासाठी फर्म पुढे ढकलली तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण फर्म मागण्यामागचं धाकट्याचं कारण कराचं नव्हतंच, आणि फर्म पुढे ढकलताना मी त्या कारणालाही पुढे ढकललं. थोरल्याला खात्यावर सहीचा अधिकार देणारं पत्र बँकेत द्यायला एक दिवस पुरला असता. नोंदणीकृत मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्राला आठवडा. हे तीन कागद मार्च २०२५ मध्येच व्हायला हवे होते. माझ्या कामाच्या यादीत ते शेवटी होते, ‘सवडीने’ असं लिहून.

फेब्रुवारीत भाऊ घरी आल्यावर सहीचं पत्र बँकेत दिलं, मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं. मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, पण त्यावर अजून सही झालेली नाही. मुलीच्या वाट्याबद्दल घरात बोलणं व्हायचं आहे, आणि ते भाऊंनीच काढायला हवं. अनुदान ऑगस्टमध्ये वळतं झालं की फर्मचा करार १ एप्रिल २०२७ पासूनचा करायचा बेत आहे. तक्ता या वेळी तीन नफ्यांवर केला आहे. परवा धाकटा आला तेव्हा त्याने तो पाहिला आणि विचारलं, बाबा भागीदार म्हणून आले नाहीत, नुसते जागेचे मालक राहिले, तर कसं? ते मी अजून मोजलेलं नाही.